ती क्लिप मी टाकली होती, अक्का

सुमित्राक्का,

तुम्हाला जाऊन आज अठरा दिवस झाले. तुमच्याविषयी चार शब्द लिहून द्या असं मुलींच्या रग्बी क्लबच्या कोचने मला सांगितलं, कारण पालकांमध्ये मराठी मी एकटीच आणि तुमच्याशी सगळ्यात जास्त बोलणारीही मीच. तुमच्या धाकट्या भावाने, तुकोजीअण्णांनी, एका कागदावर सगळं नीट लिहून दिलंय. जन्म कधीचा, शाळा कोणती, किती वर्षं पीटी शिकवलं, खो-खोत काय काय मिळवलं. कागद समोर आहे. त्यातलं मी काही घेणार नाही. ते कोणीही लिहील. मला तुमच्याशी बोलायचं आहे, कारण हॉस्पिटलात तुम्ही मला एक प्रश्न विचारला होता आणि मी खोटं उत्तर दिलं होतं.

आधी चांगलं आठवते. आपली पहिली भेट. माझी ईरा तेव्हा चौदा वर्षांची होती. मी आठवडाभर इलेक्ट्रॉनिक सिटीत सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधत बसणारी बाई, आणि सर्जापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीमागच्या लाल मातीच्या मैदानावर मुलींना रग्बी शिकवतात, एवढंच मला कळलं होतं. लांबट चेंडू हातात घेऊन पुढे धावायचं, पास मात्र मागेच करायचा, आणि समोरच्यांनी धावणारीला पाडायचं. पहिल्याच मॅचला ईराने एका मुलीला कमरेला धरून आडवं केलं. मी अंगात आल्यासारखी ओरडले, "पाड तिला, अजून पाड, उठू देऊ नकोस."

तुम्ही दोरीच्या कडेकडेने चालत आलात. सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, डोक्यावर मुलींची निळी टोपी. माझं ओरडणं ऐकून मराठीतच बोललात.

"तुझी कोणती ग?"

"सात नंबर."

"आणि ती पडलेली कोणाची, ठाऊक आहे?"

मी म्हटलं, नाही.

"तुझ्या डाव्या हाताला उभी आहे बघ. तिची."

मी वळून पाहिलं. माझ्याच वयाची एक बाई डब्याची पिशवी छातीशी धरून उभी होती. ती माझ्याकडे बघत नव्हती. तिची मुलगी गुडघा धरून उठत होती आणि ती फक्त त्या गुडघ्याकडे बघत होती.

"तिला मराठी कळत नाही," तुम्ही म्हणालात, "पण सूर कळतो. तू सुम्ने उभी रहा. आपली मुलगी पडली तर जशी राहशील, तशीच दुसऱ्याची पडली तरी रहा."

सुम्ने म्हणजे उगीच, गप, नुसतं, हे मला नंतर कळलं. तुमच्या मराठीत असे शब्द पावलोपावली यायचे. मी एकदा म्हटलं, अक्का, तुमची मराठी निम्मी कानडी आहे. तुम्ही म्हणालात, "आमची मराठी तुझ्या मराठीच्या चारशे वर्षं आधी इथे येऊन राहिली आहे. तिला शेजार लागला."

चिकपेटेतून दोन बस बदलून तुम्ही दर रविवारी यायचात. स्वतः कधी रग्बी खेळला नव्हतात. कोच तुमची शाळेतली विद्यार्थिनी. तिने नुसतं बघायला बोलावलं आणि तुम्ही नियमांचं पुस्तक मागून घेतलंत, पेन्सिलीने खुणा करून वाचलंत. मग कोचला सांगितलंत की मुलींना तू शिकव, मुलींच्या आईबापांना मी शिकवते. तेव्हापासून मैदानाच्या रेषेपासून पाच पावलं सोडून तुम्ही दोरी बांधायचात आणि आम्ही तिच्या बाहेर. कोणी पुढे सरकलं की तुमचा हात वर जायचा, "स्वल्प हिंदे, स्वल्प हिंदे," आणि मोठमोठ्या पगाराची माणसं शाळेतल्या पोरांसारखी दोन पावलं मागे व्हायची.

रेफरीशी फक्त कॅप्टन बोलेल, दुसरं कोणी नाही. जखमी मुलगी बाहेर जाताना दोन्ही बाजूंनी टाळ्या, मग ती कोणत्याही जर्सीतली असो. मॅच संपली की हरलेल्यांनी दोन रांगा करून जिंकलेल्यांना मधून जाऊ द्यायचं, आणि मग जिंकलेल्यांनी तसंच. आणि समोरची मुलगी गोलाच्या दांड्यांकडे किक मारायला उभी राहिली की कोणी चकार शब्द काढायचा नाही. हे मला सगळ्यात विचित्र वाटलं होतं. क्रिकेट बघत वाढलेली मी. समोरचा गडबडावा म्हणून तर आपण ओरडतो.

पण एका रविवारी मी ते ऐकलं. म्हैसूरची एक किरकोळ मुलगी चेंडू हातात घेऊन उभी होती. ती किक गेली की आम्ही हरणार होतो. शंभरेक माणसं होती आणि एकही बोलत नव्हतं. लांब रिंग रोडवरच्या गाड्यांची घरघर ऐकू येत होती, कोणाच्या तरी बांगड्या वाजल्या तेही ऐकू आलं. तिने चेंडू खाली सोडला, तो टप्पा पडला आणि तिच्या पायाचा त्याला लागल्याचा आवाज आला. चेंडू दांड्यांमधून गेला. मी टाळ्या वाजवत होते हे मला वाजवायला लागल्यावर कळलं. तुम्ही माझ्याकडे बघितलंत.

मॅचनंतर पाहुण्या संघाला जेवायला आपण वाढायचं, हाही तुमचाच नियम. मोठ्या पातेल्यात चित्रान्न, म्हणजे लिंबूभात, दुसऱ्यात दहीभात. ईराचा डोळा जिने काळानिळा केला होता तिच्या ताटात तुम्ही मला भात वाढायला लावलात. ती पोरगी मान खाली घालून म्हणाली, "आंटी, अजून थोडा." मी वाढला. घरी येताना ईरा म्हणाली, "आई, ती छान टॅकल करते ना?" त्या दिवशी मला वाटलं, सहा वर्षं मी या शहरात फक्त राहत होते, आता मला जायला एक जागा आहे.

आपलं भांडण मात्र त्याच दिवसांत सुरू झालं आणि ते अर्धंच राहिलं. तुम्ही दोरी गुंडाळत होतात, मी दुसरं टोक धरलं होतं. मी म्हटलं, "अक्का, नाशिकला आमच्या घरी बाबा बोलत असले की आम्ही बहिणी मान वर करायचो नाही. सासरी तेच. ऑफिसात मीटिंगमध्ये मी बोलले की लोक घड्याळ बघतात. आयुष्यात पहिल्यांदा मला मोकळ्यावर ओरडायला मिळतंय आणि तुम्हीही मला गप्पच बसवता."

तुम्ही दोरीचा आणखी एक वेढा घातलात. मग म्हणालात, "मी तुला ओरडू नको म्हटलं का? ईरा धावली की ओरड. घसा बसेतो ओरड. कोणासाठी ओरडायचं ते ओरड, कोणावर ओरडू नको."

"आणि रेफरी चुकली तर? चूक दिसते तर सांगायची नाही? माझं कामच ते आहे."

"तुझ्या कामात चूक सापडली की तू काय करतेस? खिडकीतून रस्त्यावर ओरडतेस?"

मी म्हटलं, तसं नाही, लिहून पाठवते, पण तिथे कोणीतरी ते वाचतं. इथे कोण वाचणार?

त्यावर तुम्ही काहीतरी म्हणणार होतात. तेवढ्यात तुमची बस आली. पुढच्या रविवारी बोलू म्हणालात. पुढच्या रविवारी ती मॅच होती.

ती मॅच मी मनात रोज पुन्हा बघते. शेवटचं मिनिट, आपण दोन गुणांनी मागे. ईराने पळत पळत चेंडू पास केला, विंगवरच्या मुलीने तो घेतला आणि रेषेपलीकडे टेकवला. मुली एकमेकींच्या गळ्यात पडल्या. आणि शिट्टी वाजली. पास पुढे गेला, ट्राय नाही, म्हणजे गुण नाहीत. रेफरी काव्या, वीस वर्षांची, फिजिओथेरपी शिकणारी पोर. तिने हाताने खूण केली, ईराशी, म्हणजे कॅप्टनशी, दोन वाक्यं बोलली आणि मॅच संपवली. ईराने मान हलवली. मुलींनी रांगा केल्या. तुम्ही टाळ्या वाजवत होतात.

मी मोबाइलवर शूट करत होते. घरी येऊन तो तुकडा पुन्हा पुन्हा बघितला. माझ्या बाजूने चेंडू सरळ गेल्यासारखा दिसत होता. ईरा शेजारच्या खोलीत दार लावून पडली होती. जेवली नव्हती. मी पालकांच्या ग्रुपवर क्लिप टाकली आणि खाली लिहिलं, "हा पास पुढे गेला? रेफरीने आधी डोळे तपासून यावं."

इतकंच लिहिलं होतं. पण लिहिल्यावर मला हलकं वाटलं, हेही सांगते. पटापट अंगठे आले. कोणीतरी हसरे चेहरे टाकले. कोणीतरी काव्याचा फोटो जोडला. दुसऱ्या दिवशी ती क्लिप माझ्या ऑफिसातल्या एका मुलाने मला दाखवली, हे तुमच्या एरियातलं आहे ना म्हणून. त्यावर गाणं चढवलं होतं. काव्याच्या कॉलेजचं नाव होतं. खाली लोकांनी जे लिहिलं होतं ते मी इथे लिहीत नाही. मला त्या क्षणी ग्रुपवर लिहिता आलं असतं की थांबवा. मी क्लिप माझ्या बाजूने डिलीट केली आणि मीटिंगला गेले.

त्याच्या पुढच्या रविवारी मैदानावर तिप्पट माणसं होती. त्यातली बहुतेक कधी न दिसलेली, कॉलेजातली पोरं, त्यांचे मित्र, भोंगे घेऊन आलेली. काव्याच रेफरी होती. तिला बदला असं कोच म्हणाली होती. काव्या म्हणाली, मी आज गेले नाही तर कधीच जाणार नाही. हे तुम्हीच मला मॅचच्या आधी सांगितलंत, आणि म्हणालात, "आज तू माझ्या जवळ उभी रहा. तू उंच आहेस, तुझं ऐकतील."

मी तुमच्या जवळ उभी राहिले नाही. दुसऱ्या टोकाला गेले. तुमच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

प्रत्येक शिट्टीला हुर्यो. समोरची मुलगी किक मारायला उभी राहिली की भोंगे. काव्या धावत जवळून गेली की दहा मोबाइल पुढे यायचे आणि त्यावर तीच क्लिप चालू असायची. तुम्ही या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होतात. "स्वल्प हिंदे, स्वल्प हिंदे." कोणी हसत होतं, कोणी तुमच्या आवाजाची नक्कल करत होतं. आपल्या मुली मैदानात एकमेकींकडे बघत होत्या. ईरा एकदा खेळ थांबला असताना प्रेक्षकांकडे वळली आणि तिने दोन्ही हात जोडले. तिला वाटत होतं, लोक थांबतील.

शेवटी काव्याने आपल्याविरुद्ध पेनल्टी दिली. ती बरोबर होती, इतकं मलाही कळत होतं. माणसं दोरीवरून आत आली. मी आत गेले का? हो, अक्का. सगळे गेले म्हणून मीही गेले, हातात फोन होता आणि तो चालू होता. काव्या जागच्या जागी उभी होती. तुम्ही धावलात. पंचाहत्तरीच्या बाईने एवढं जोरात धावू नये. तिच्यासमोर जाऊन दोन्ही हात पसरून उभ्या राहिलात, आमच्याकडे तोंड करून.

कोणी ढकललं ते मला दिसलं नाही. मुद्दाम ढकललं असं मला वाटत नाही. मागून रेटा आला, पुढचे दोघे-तिघे तुमच्या अंगावर आले आणि तुम्ही कुशीवर पडलात. मी तीन पावलांवर होते. हाड मोडल्याचा आवाज आला असं लोक नंतर म्हणाले. मला आवाज आला नाही, भोंगे वाजत होते.

काव्याने तुमचं डोकं मांडीवर घेतलं आणि कोणालाही तुम्हाला हलवू दिलं नाही. ज्या मुलीवर दोनशे माणसं ओरडत होती, ती त्यांना शांतपणे सांगत होती, मागे व्हा, हवा येऊ द्या, ॲम्ब्युलन्स बोलवा. तेव्हा मात्र सगळे ऐकत होते.

खुब्याचं हाड. ऑपरेशन झालं. आठ दिवसांनी छातीत कफ साचला आणि उतरेना. मी तुम्हाला भेटायला तीनदा आले. पहिल्यांदा तुम्ही गुंगीत होतात. तिसऱ्यांदा तोंडावर मास्क होता. मधल्या वेळी तुम्ही बसला होतात, पाठीला उशी, तुकोजीअण्णा औषधं आणायला खाली गेले होते. मी मोसंबी सोलत होते.

तुम्ही विचारलंत, "ईरा कशी आहे?"

"प्रॅक्टिसला जाते. बोलत नाही फारसं."

"काव्या?"

"माहीत नाही. मॅचला येत नाही आता."

"भेटून ये तिला. चुकली असेल ती त्या पासला, नसेलही. चुकली असेल तरी वीस वर्षांची आहे. मग काय झालं?"

मी मान हलवली. मग माझ्याकडे न बघता विचारलंत, "ती क्लिप पहिल्यांदा कोणी टाकली ग? तू त्या ग्रुपात आहेस, तुला ठाऊक असेल."

माझ्या हातात मोसंबीची फोड होती. मी म्हटलं, "नाही माहीत, अक्का. फॉरवर्ड होत होत आली."

तुम्ही म्हणालात, "सरी." बरं, एवढाच त्याचा अर्थ. मग फोडीसाठी हात पुढे केलात. मी बी काढून फोड दिली.

तुमचे दिवस झाल्यावर पहिलं काम मी ते केलं जे तुम्ही जिवंत असताना करायला सांगितलं होतं. शनिवारी सकाळी काव्याच्या घरी गेले. होसा रोडला गल्लीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. दार तिच्या आईने उघडलं आणि मी नाव सांगितल्यावर ती दारातच उभी राहिली. आतून काव्या म्हणाली, येऊ दे.

आम्ही हिंदीत बोललो. मी बसल्या बसल्या सांगून टाकलं. क्लिप मी टाकली, खालचं वाक्यही माझंच, मला माफ कर.

ती म्हणाली, "मला माहीत आहे. तुमच्या ग्रुपातल्या कोणीतरी मला स्क्रीनशॉट पाठवला होता, तुमच्या नावासकट. आंटी, तुम्ही आलात हे बरं केलंत. पण मी इट्स ओके म्हणणार नाही. कॉलेजात मुलं अजून माझ्यासमोर डोळे चोळतात. पप्पा मला एकटीला बसने जाऊ देत नाहीत."

मी म्हटलं, म्हणू नकोस. मी त्यासाठी आले नाही. अक्कांनी पाठवलं होतं, मी उशिरा आले.

तिने विचारलं, "अक्कांनी तुम्हाला माझ्याकडे पाठवलं?"

"हॉस्पिटलात असताना सांगितलं होतं."

"म्हणजे त्या तुमच्याशी बोलल्या त्याबद्दल."

"नाही. त्यांना ठाऊक नव्हतं मी टाकली ते."

काव्या मग म्हणाली, "त्यांना ठाऊक होतं. त्या धक्क्याच्या मॅचच्या आधीच मी त्यांना स्क्रीनशॉट दाखवला होता. मी विचारलं होतं, या आंटी कोण? त्या म्हणाल्या, आमचीच आहे, मी बोलते तिच्याशी."

अक्का, म्हणजे त्या सकाळी तुम्ही मला "माझ्या जवळ उभी रहा" म्हणालात तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं. मोसंबीच्या वेळीही ठाऊक होतं. तुम्ही मला पकडायला विचारत नव्हता. तुम्ही वाट बघत होतात. काव्याच्या घरून उतरले आणि गल्लीच्या तोंडाशी एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून राहिले. एक म्हातारा रिक्षावाला थांबला, "यल्ली होगबेकु अक्का?" कुठे जायचंय म्हणून विचारलं. मी हातानेच नको म्हटलं. तो गेला.

त्याच दिवशी तुकोजीअण्णांना जाऊन सांगितलं. ते तुमच्या फोटोखाली बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "ती काही बोलली नाही आम्हाला." मग म्हणाले, "कागदावर लिहून दिलंय ते सगळं नीट छापा म्हणजे झालं," आणि उठून आत गेले. चहा विचारला नाही. त्या घरात मला चहा विचारला नाही असं पहिल्यांदा झालं.

मग ग्रुपवर लिहिलं, माझ्या नावाने, सगळं. दोघींनी लिहिलं की मनाला लावून घेऊ नका, तुम्ही फक्त क्लिप टाकली. एकाने लिहिलं की आता हा विषय बंद करूया. बाकी कोणी काही लिहिलं नाही. त्यांच्यातल्या किती जणांनी ती पुढे पाठवली होती, त्यांचं त्यांना माहीत.

ईराला मी स्वतः सांगितलं, ग्रुपवर टाकायच्या आधी. ती पलंगावर बसून बुटांची लेस काढत होती. ऐकून लेस काढायची थांबली.

"माझ्यासाठी केलंस?" तिने विचारलं.

"मला तेव्हा तसं वाटलं होतं."

"मी तर काव्याशी बोलले होते. तिने मला समजावलं होतं. मला पटलं होतं, आई."

"तू जेवली नव्हतीस त्या दिवशी."

"हरले होते म्हणून. हरल्यावर माणूस जेवत नाही एखाद वेळ." मग लेस पुन्हा ओढत म्हणाली, "तू आता मॅचला येऊ नकोस."

मी बरं म्हटलं. तिच्याशी वाद घालायचा मला काही हक्क नाही.

त्या दिवशी बस आली नसती तर तुम्ही मला काय सांगणार होतात, याचा मी पुष्कळ विचार केला. चूक दिसली तर सांगायची कुठे, कोण वाचणार. मला वाटतं तुम्ही म्हणाला असता, मला सांग. मी दोरीशीच असते. इतकं सोपं असेल ते. पण हे मी तुमच्या तोंडी घालते आहे, तुम्ही ते बोललेला नाहीत. गप्प बसवणं आणि सांभाळून बोलणं यात फरक आहे हे मला आता पटतं, आणि तरी मी नाशिकच्या घरातल्या त्या मुलीची बाजू पूर्ण सोडत नाही. आपलं भांडण तिथेच आहे, अक्का. तुमच्याइतकं नीट भांडणारं आता मला कोणी नाही.

तुम्ही मला काय दिलंत ते सांगायला गेले तर लाज वाटते, कारण मी त्याचं काय केलं ते वर लिहिलंच आहे. तरी सांगते. त्या अनोळखी आईच्या डब्याच्या पिशवीकडे बघायला तुम्ही शिकवलंत. ऑफिसात परवा एका नव्या मुलाच्या कामात चूक सापडली. सगळ्यांना पाठवायच्या मेलमध्ये ती लिहिली होती. मग खोडली आणि त्याच्या टेबलापाशी जाऊन सांगितली. त्याला काही विशेष वाटलं नाही. मला वाटलं, अक्कांना सांगावं.

या रविवारी म्हैसूरच्या मुली आल्या होत्या. पहाटे निघून, बसने. मी गेले नव्हते, पण चित्रान्न घरून करून पाठवलं होतं. दोरी कोचने बांधली. लोक फारसे नव्हतेच. नऊची मॅच. काव्याने रेफरींच्या यादीतून नाव काढून घेतलंय हे सगळ्यांना माहीत होतं. तिच्यानंतर आणखी दोन मुलींनी आणि एका मुलाने नाव काढून घेतलं, हे त्या सकाळी कळलं. कोच फोन करत राहिली. शहरातल्या प्रत्येक रेफरीला केला. कोणी म्हणालं परीक्षा आहे, कोणी म्हणालं घरचे नको म्हणतात, एकाने सरळ सांगितलं की त्या मैदानावर मी येणार नाही. शिट्टीशिवाय मॅच खेळता येत नाही. दोन्ही संघांच्या मुली साडेदहापर्यंत उन्हात बसून राहिल्या, मग एकत्र जेवल्या, एकमेकींशी हात मिळवले आणि म्हैसूरच्या मुली परत गेल्या.

ईरा अकराला घरी आली. मी दार उघडलं. तिने बूट काढून कोपऱ्यात ठेवले, जर्सी काढून ती उलटीसुलटी करून पाहिली. मातीचा एक डाग नव्हता. तिने ती घडी घालून परत कपाटात ठेवली.